उसाचे मेण : न्यू ऑर्लिन्सपासून शिरोळपर्यंत

शिरोळ तालुक्यातल्या कुठल्याही फडात जाऊन उसाचे पाचट सोलले, की पेराच्या लगत खाली एक पांढुरका पट्टा दिसतो. नखाने खरवडला तर त्याची पूड निघते. चिमटीत चोळली तर ती तेलकट लागते आणि पाण्याचा थेंब तिच्यावर ठरत नाही. हे उसाचे मेण. उन्हाच्या तडाख्यात कांडीतले पाणी उडून जाऊ नये, बुरशीला आणि किडींना सहज शिरकाव मिळू नये, म्हणून उसाने स्वतःच्या अंगावर चढवलेला हा लेप आहे.

माणूस आपल्या कातडीसाठी मलम बनवतो, ओठांसाठी लिपस्टिक बनवतो, तेव्हा त्यात मेण घालतो तेही याच कारणासाठी. त्वचेतला ओलावा आत राहावा, तेल ओघळू नये, रंग जागचा हलू नये. उसाच्या कांडीवर आणि माणसाच्या ओठांवर मेणाचे काम एकच. तरीही कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या पाण्यावर पोसलेला शिरोळचा ऊस दरवर्षी हे मेण अंगावर घेऊन कारखान्यात जातो आणि ते तिथल्या गाळात मिसळून बाहेर पडते. पावणेदोनशे वर्षांत जगाने उसाचे मेण पुन्हा पुन्हा शोधले आणि पुन्हा पुन्हा सोडून दिले. ते का सोडले, हे समजून घेतले तर शिरोळसारख्या ऊसपट्ट्याने आता काय करावे, याचेही उत्तर मिळते.

मेणाची डबी आणि कोकमाचा गोळा

मराठी घरात प्रसाधनासाठी मेण नवे नव्हते. गंधाच्या बाटल्या आणि चिकटणाऱ्या टिकल्या येण्यापूर्वी बायका कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवीत आणि त्यावर कोरडे कुंकू लावीत. मेणामुळे कुंकू गोल बसे आणि घामाने पसरत नसे. फणेरपेटीत आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा यांच्या जोडीला मेणाची छोटी डबी असे. ते मेण मधमाशांचे. पोळी पिळून मध काढला की उरलेले पोळे पाण्यात उकळायचे, वर आलेले मेण गाळून घ्यायचे. आयुर्वेदातही मेणाला सिक्थ म्हणून जागा आहे. जखमेवर लावायच्या जात्यादी घृतात ते पडते. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन याच्या नावावर सांगितले जाणारे थंड मलम मधमाशांचे मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी यांचेच. युरोपात पुढे त्यात देवमाशाच्या डोक्यातून निघणारा मेणासारखा पदार्थ घालू लागले.

म्हणजे शतकानुशतके प्रसाधनातले मेण मुख्यतः प्राण्यांकडून आले. वनस्पतीचे जे काही मराठी माणसाच्या ओळखीचे होते, ते सह्याद्रीपलीकडचे कोकमतेल. रातांब्याच्या बिया कुटून, उकळून काढलेले हे तेल थंडावले की घट्ट होते. त्याचे गोळे वळून ठेवतात आणि हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना, उललेल्या ओठांना लावतात. कोकमतेल खरे म्हणजे स्निग्ध पदार्थ. अंगाच्या उष्णतेच्या आसपासच ते वितळते. वनस्पतींची खरी मेणे त्याहून कितीतरी कडक असतात. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. शुद्ध केलेल्या उसाच्या मेणाला ७५ अंशांच्या पुढे जावे लागते, तर ब्राझीलचे कारनौबा मेण ८० अंश ओलांडल्याशिवाय वितळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पर्समधली लिपस्टिक वाकू नये, ही साधी अपेक्षा पुरी करायला असे कडक मेण लागते. त्याचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात आणि एरंडेलासारखे तेल त्या जाळ्यात अडकून राहते. लिपस्टिक कांडीसारखी उभी राहते ती या जाळ्याच्या बळावर.

एका औषधविक्रेत्याचे कुतूहल

उसाच्या मेणाचा लिखित इतिहास १८४० मध्ये सुरू होतो. अमेरिकेतल्या लुईझियाना प्रांतात, न्यू ऑर्लिन्स शहरात आवकँ नावाचा एक फ्रेंच औषधविक्रेता होता. भोवतालच्या मळ्यांत उसाचे पीक अमाप होते आणि ते पिकवणारे हात गुलामांचे होते. आवकँने वेगवेगळ्या जातींच्या उसांवरची पांढरी भुकटी खरवडून गोळा केली आणि ती वितळवून, अल्कोहोलमध्ये विरघळवून तपासली. जांभळ्या उसावर हे मेण सर्वांत जास्त असते, हेही त्याने नोंदवले. त्याची टिपणे पॅरिसच्या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापून आली. त्या काळचे मोठे रसायनशास्त्रज्ञ जाँ-बातीस्त द्यूमा यांनी या पदार्थाचे पृथक्करण केले आणि त्याला सेरोसी हे नाव रूढ झाले.

आवकँला जे दिसले ते महत्त्वाचे होते. मेण म्हणजे माशी किंवा देवमासा, ही समजूत मागे टाकून शेतातल्या रोजच्या पिकावरही दर्जेदार मेण असते, हे त्याने दाखवले. पण खरवडून मेण काढणे हा धंदा होऊ शकत नव्हता. उसाच्या वजनात मेण हजारात एक भागाच्या आसपास भरते. एका टन उसावर एखादा किलो. माणसे लावून ते खरवडायचे तर मजुरीच मेणाहून महाग. मेण एका जागी गोळा करून देणारे काहीतरी हवे होते. ते पुढे साखर कारखान्याने दिले, पण त्याला अर्धशतकाहून जास्त काळ जावा लागला.

ब्राझीलचा ताड आणि जमिनीखालचे तेल

त्या मधल्या काळात दुसऱ्या दोन मेणांनी बाजार काबीज केला.

पहिले कारनौबा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या सिआरा, पियावी या कोरड्या प्रांतांत कारनौबा नावाचा ताड उगवतो. दुष्काळात तग धरण्यासाठी तो पानांवर मेणाचा जाड थर चढवतो. कोरड्या महिन्यांत लांब काठीला बांधलेल्या कोयत्याने पाने उतरवायची, उन्हात वाळवायची, झोडपून भुकटी काढायची आणि वितळवून गाळायची, अशी त्याची रीत. वनस्पतिजन्य मेणांत याच्याइतके कडक दुसरे क्वचितच. बुटांचे पॉलिश, लाकडाचे पॉलिश, गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी आणि लिपस्टिक या सर्वांना ते हवे होते. अमेरिकेतल्या जॉन्सन कंपनीचा सगळा पॉलिशचा धंदा या ताडावर उभा होता. १९३५ मध्ये कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन पाण्यावरही उतरू शकणाऱ्या छोट्या विमानातून थेट ब्राझीलमधल्या फोर्तालेझाला गेले. हा ताड पुरेसा आहे का, त्याची लागवड वाढवता येईल का, हे त्यांना स्वतः पाहायचे होते. मेक्सिकोच्या वाळवंटातली कँडेलिला ही काटक वनस्पतीही विसाव्या शतकाच्या आरंभी या बाजारात उतरली. तिचे दांडे पाणी आणि सल्फ्युरिक आम्लात उकळून मेण काढतात.

दुसरे मेण खनिज तेलातले. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलविहीर लागली आणि पॅराफिन मेण विलक्षण स्वस्त झाले. त्याच तेलातून रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलीन काढले आणि १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात ब्रह्मदेशाच्या तेलविहिरींचे आणि आसामातल्या दिगबोईचे पॅराफिन येऊ लागले. आपल्याकडच्या मेणबत्तीत मधमाशांच्या मेणाची जागा याच पॅराफिनने घेतली, आणि मलमाच्या डबीतही तेच शिरले. ते स्वस्त होते, पांढरे होते, त्याला वास नव्हता आणि वर्षभर एकाच दर्जाचे मिळे. शेतातून येणाऱ्या मेणाला या चार गोष्टींशी झुंजावे लागले आणि आजही लागते.

मराठी मुलखात मात्र याच काळात वनस्पतिजन्य प्रसाधनाच्या बाजूने एक मोठे पाऊल पडले होते. साबणात प्राण्यांची चरबी वापरली जाई. अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत केवळ वनस्पती तेलांपासून साबण तयार केला आणि स्वदेशीच्या वातावरणात तो देशभर गेला. अंगाला लावायच्या वस्तूत काय आहे, याची चौकशी करणारा ग्राहक इथे शंभर वर्षांपूर्वीच होता. त्याला आपल्या मातीतला कच्चा माल देण्याची तयारी उद्योगाने किती ठेवली, हाच प्रश्न होता.

टंचाईचे दिवस

साखर कारखान्यात मेण आपोआप गोळा होते. ऊस चरकातून जाताना कांडीवरच्या मेणाचा काही भाग चिपाडाबरोबर जातो, बाकीचा रसात उतरतो. रस तापवून त्यात चुना घालतात, तेव्हा रसातली माती, तंतू आणि मेण गाळाच्या रूपाने खाली बसतात. तो गाळ गाळणयंत्रावर काढला की उरतो प्रेसमड. उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के एवढा हा काळपट, ओला, उबदार ढीग. तो वाळवला तर शंभर किलोत साधारण पाच ते बारा किलो कच्चे मेण सापडते. शेतभर पसरलेले मेण कारखाना असा एका जागी आणून ठेवतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी जावा बेटावरच्या साखर उद्योगासाठी काम करणाऱ्या डच रसायनतज्ज्ञांनी या गाळातून मेण काढण्याच्या पद्धती बसवल्या. पहिल्या महायुद्धात जहाजांची वाट अडली, मेणांचे भाव चढले आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये उसाचे मेण व्यापारी प्रमाणावर निघू लागले. तिथे उबा नावाची उसाची जात होती आणि तिच्यावर मेणाचा थर चांगला जाड असे. हा तोच नाताळ, जिथे १८६० पासून हिंदुस्थानी गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांत राबत होते आणि ज्यांच्यासाठी गांधीजी लढले.

युद्ध संपले, कारनौबाची वाट मोकळी झाली आणि उसाच्या मेणाची मागणी ओसरली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच घडले. टंचाई आली आणि लुईझियाना व क्युबा इथे मेण काढण्याचे प्रयत्न वेगाने सुरू झाले. अमेरिकी कृषी खात्यातले रसायनतज्ज्ञ बाल्च यांनी १९४७ मध्ये उसाच्या मेणावर एक सविस्तर पुस्तिका लिहिली. गाळ वाळवायचा, द्रावकात भिजवून मेण विरघळवायचे आणि द्रावक उडवून लावायचा. हाती येते ते कच्चे मेण हिरवट-काळे, मऊ आणि काकवीच्या वासाचे. त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : मऊ तेल, राळ आणि कडक मेण. थंड ॲसिटोनने तेल वेगळे करायचे, अल्कोहोलच्या साहाय्याने राळ बाजूला काढायची आणि उरलेल्या मेणाचा रंग उडवायचा. एवढे सोपस्कार झाले की पिवळसर, कठीण, चकाकणारे मेण मिळते आणि ते कारनौबाशी बरोबरी करू शकते.

तंत्र कळले होते, तरी धंदा टिकला नाही, याची कारणे साधी आहेत. ओला गाळ वाळवायला इंधन लागते. द्रावक ज्वालाग्राही, म्हणून त्याचा कारखाना साखर कारखान्यापेक्षा वेगळ्या काळजीने चालवावा लागतो. गाळ वर्षातले पाच-सहा महिनेच मिळतो आणि साठवला तर आंबतो. आणि टंचाई संपली की पॅराफिन व कारनौबा पुन्हा स्वस्त होतात. उसाचे मेण प्रत्येक वेळी दुसऱ्या कशाच्या तरी जागी आले. स्वतःच्या गुणांसाठी त्याला गिऱ्हाईक मिळालेच नाही. त्याची वाट दोनदा बंद झाली ती या एका कारणाने.

गुऱ्हाळाची मळी, कारखान्याचा गाळ

हे सगळे समुद्रापलीकडे चालले होते, तेव्हा कोल्हापूर संस्थानात उसाचा अर्थ गूळ असा होता. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची पेठ गुळाच्या व्यापारासाठी नावारूपाला आली आणि पंचगंगेच्या खोऱ्यात गुऱ्हाळे वाढली. काहिलीत रस उकळू लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घाली आणि वर आलेली मळी झाऱ्याने उपसून टाकी. मळी जितकी स्वच्छ निघेल तितका गूळ पिवळाधमक होई. उसाच्या कांडीवरून रसात उतरलेले मेण त्या मळीबरोबर बाहेर जात होते. गुळव्याला ते नकोच होते आणि गुळाच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते.

१९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने चित्र बदलले. बाहेरच्या साखरेवर जकात बसली. देशात तीसेक कारखाने होते, ते काही वर्षांत शंभरावर गेले. त्याच दशकात कोल्हापूरजवळ कसबा बावड्यात कोल्हापूर शुगर मिल उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याची वाट घालून दिली. शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे देशभक्त रत्नाप्पा कुंभार, ज्यांची सही भारताच्या संविधानावर आहे, त्यांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे शिरोळमध्येच श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना निघाला आणि सा. रे. पाटील यांनी दीर्घकाळ त्याचे नेतृत्व केले. राधानगरी धरणाचे पाणी, नदीकाठच्या सहकारी उपसा योजना आणि दारात कारखाना, यामुळे तालुक्याच्या काळ्या रानात ऊसच ऊस झाला.

मेणाच्या दृष्टीने एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत रस शुद्ध करण्यासाठी चुन्याबरोबर गंधकाचा धूर वापरण्याची पद्धत रुळली. जगात काही ठिकाणी चुना आणि कार्बन डायऑक्साइड वापरतात. त्या पद्धतीत गाळात खडूसारखा चुनखडीचा साका इतका पडतो की मेणाचे प्रमाण अगदी विरळ होते. गंधकाच्या पद्धतीच्या गाळात मेण त्याच्या कितीतरी पट असते. म्हणजे महाराष्ट्रातला प्रेसमड मेण काढण्यासाठी मुळातच सोयीचा. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेपासून मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटपर्यंत उपपदार्थांचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही देशात झाल्या. पण कारखान्यातल्या मळीच्या (मोलॅसिसच्या) अल्कोहोलला आणि चिपाडाच्या विजेला जे भाग्य लाभले, ते गाळातल्या मेणाला लाभले नाही. प्रेसमड ट्रॉलीत भरून शेतात गेला, नाहीतर डिस्टिलरीच्या सांडपाण्यात मिसळून त्याचे कंपोस्ट झाले.

शेतात गेला हे वाईट झाले नाही. शिरोळची जमीन पाण्याने आणि खताने थकलेली आहे. अति पाण्यामुळे तालुक्यातली हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली. ती पुन्हा पिकाखाली आणण्यासाठी गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने दत्त कारखान्याने जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून निचरा करण्याचे मोठे काम हाती घेतले. अशा जमिनीला सेंद्रिय खताची भूक असते आणि प्रेसमड ती भागवतो. पण त्यातले मेण जमिनीच्या उपयोगाचे नाही. मेण लवकर कुजत नाही आणि कच्चा प्रेसमड सतत टाकला तर मातीत पाणी मुरायला अडथळा करते. नत्र, स्फुरद, कॅल्शियम हे सगळे मेण काढल्यानंतरच्या गाळातही उरते. मेण काढणे म्हणजे शेताच्या तोंडचा घास काढणे, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

हवानाचा धडा

उसाच्या मेणाला तिसरी संधी मिळाली ती क्युबामध्ये. सोव्हिएत संघ कोसळला, क्युबाच्या साखरेचा हक्काचा ग्राहक गेला आणि उसातून साखरेव्यतिरिक्त काय मिळेल, याचा शोध तीव्र झाला. हवानाच्या वैज्ञानिक संशोधन केंद्राने उसाच्या मेणातून पॉलिकोसॅनॉल नावाचे अल्कोहोलांचे मिश्रण वेगळे केले. त्यातला मुख्य घटक २८ कार्बन अणूंची साखळी असलेला ऑक्टाकोसॅनॉल. कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध म्हणून १९९० च्या दशकात ते पुष्कळ देशांत विकले गेले. पुढे क्युबाबाहेर काटेकोर चाचण्या झाल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात त्याचा कोलेस्टेरॉलवर काही परिणाम दिसला नाही आणि त्या दाव्याची हवा गेली.

या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. उसाचे मेण हे औषध नाही. ते त्वचा उजळवत नाही, सुरकुत्या पुसत नाही. ते लेप देते, ओलावा धरते, तेलाला आकार देते. एवढे काम ते उत्तम करते आणि प्रसाधनात एवढ्याच कामाला मोठी किंमत आहे.

आणि आता काळही अनुकूल झाला आहे. देवमाशाच्या शिकारीवर बंधने आली, तेव्हा त्याच्या तेलाची जागा होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतल्या द्रव मेणाने घेतली. शार्कच्या यकृतातून काढले जाणारे स्क्वालेन आता उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून तयार होते आणि जगभरच्या क्रीममध्ये जाते. ब्राझीलमध्ये उसाच्या अल्कोहोलपासून प्लॅस्टिक बनते आणि प्रसाधनांच्या कित्येक ट्यूब त्याच्याच असतात. खनिज तेलातले मेण नको, प्राण्यांचे नको, असे म्हणणारा ग्राहक वाढतो आहे आणि शुद्ध केलेले उसाचे मेण लिपस्टिक, लिपबाम, क्रीम यांच्या घटकसूचींत स्वतःच्या नावाने येऊ लागले आहे. युद्धातल्या टंचाईशिवाय, केवळ ते वनस्पतीचे आहे म्हणून त्याला मागणी येण्याची ही पहिलीच वेळ.

शिरोळचा हिशेब

वर्षाला दहा लाख टन ऊस गाळणारा कारखाना घेऊ. प्रेसमड साडेतीन टक्के धरला तर पस्तीस हजार टन. त्यातले सत्तर टक्के पाणी वजा केले तर साडेदहा हजार टन सुका गाळ. त्यात सात टक्के मेण धरले तरी सातशे टनांवर कच्चे मेण. शुद्धीकरणात त्याचा मोठा भाग तेल आणि राळ म्हणून वेगळा होईल. तरी कडक मेण काहीशे टन उरेल. साखरेच्या लाखभर टनांपुढे हे लहान दिसते, पण प्रसाधनाच्या दर्जाचे मेण साखरेच्या भावाने विकले जात नाही. त्याचा किलोचा भाव साखरेच्या कितीतरी पट असतो.

एका कारखान्याने एकट्याने हा प्रकल्प करणे जड जाईल. हंगाम संपला की यंत्रे बसून राहतील. पण कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कारखान्यांची दाटी आहे. चार-सहा कारखान्यांनी हंगामात गाळ वाळवून एका ठिकाणी पाठवला आणि तिथे वर्षभर मेण निघत राहिले, तर नाताळला आणि लुईझियानाला जी अडचण आली तिच्यावर उपाय निघतो. सहकार हा याच कामासाठी जन्माला आला होता. २०१८ पासून सरकारने प्रेसमडपासून बायोगॅस काढण्याला उत्तेजन दिले आहे आणि गाळाला नवे गिऱ्हाईक उभे राहिले आहे. मेण सहज कुजत नसल्यामुळे गॅस तयार होण्याच्या क्रियेत त्याचा फारसा हातभार नाही. म्हणून आधी मेण, मग गॅस, शेवटी खत, असा क्रम लावता येईल का, हे कारखान्यांनी आत्ताच तपासले पाहिजे. बायोगॅसचे प्रकल्प एकदा उभे राहिले की गाळाची वाट ठरून जाईल.

यातला शेतकऱ्याचा वाटा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते आणि उसाला दर किती, यावर राज्याचे राजकारण हलते. २०१२ मध्ये रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थ मिळून येणाऱ्या उत्पन्नाचा सत्तर टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा, असे सुचवले आणि त्या उपपदार्थांत मळी व चिपाडाबरोबर प्रेसमडही धरला. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्या धर्तीवर कायदा केला. पण प्रेसमड खताच्या भावाने मोजला तर शेतकऱ्याच्या पदरात पडणारी रक्कम नगण्य राहते. त्यातून प्रसाधनाचे मेण निघाले आणि त्याचा हिशेब त्याच कायद्याप्रमाणे झाला, तर सूत्रातला तो शब्द खरा ठरेल. ब्राझीलमध्ये कारनौबाची पाने तोडणाऱ्या मजुरांना वेठबिगारीसारख्या स्थितीत राबवल्याचे तिथल्या सरकारी तपासणीत उघड झाले आहे. महागडी लिपस्टिक आणि तोडणाऱ्याचे फाटके हात हे चित्र इथे उभे राहू द्यायचे नसेल, तर मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुराचाही या मेणावर हक्क मान्य करावा लागेल. पाचट सोलून ती कांडी पहिल्यांदा हातात घेतो तो तोच.

इतिहासाचा निवाडा स्पष्ट आहे. उसाचे मेण कमी दर्जाचे म्हणून कधी मागे पडले नाही. दुसऱ्याची टंचाई संपली की त्याची गरज संपली, आणि त्याला स्वतःचा धनी नव्हता. शिरोळच्या उसाला धनी आहेत : हजारो सभासद, त्यांचे कारखाने, त्यांच्या संघटना. जयसिंगपूरच्या पुढच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीच्या मागणीबरोबर प्रेसमडातल्या मेणाचा ठरावही मांडला जावा, आणि दोन जिल्ह्यांतल्या कारखान्यांनी मिळून त्याचा प्रायोगिक प्रकल्प शिरोळमध्ये सुरू करावा. ऊस आपला आहे, गाळ आपला आहे, तंत्र पाऊणशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे. आता निर्णय सभासदांनी घ्यायचा आहे.